शनिवारी उघडायचे यंत्र

तारतम्य हा सद्गुणांमधला अबोल गुण आहे. शौर्याचा डंका वाजतो, औदार्याची कीर्ती न सांगता चार घरे फिरून येते, विद्वत्ता तर कुणी विचारण्यापूर्वीच बोलू लागते. तारतम्य मात्र असते तोवर कुणाच्या ध्यानातही येत नाही. ते सुटले म्हणजे कळते. किती आवळावे आणि कुठे सोडावे, एकाला घाई असताना दुसऱ्याला सावकाश कसे जाऊ द्यावे आणि तरीही दोघांना एकाच आसाशी कसे धरून ठेवावे, हे ज्ञान ग्रंथांतून सांगता येत नाही. ते बोटांत उतरावे लागते. आणि बोटांत उतरलेले ज्ञान बहुधा बोटांबरोबरच जाते.

बाजारातल्या अरुंद गल्लीत, औषधांच्या दुकानाला लागून, तराजू दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांचे दुकान होते. सारा बाजार त्यांना काटेवाले म्हणे. सोनारांचे काटे, औषधे जोखण्याचे काचेच्या पेटीतले नाजूक तराजू, शाळांच्या प्रयोगशाळांमधली गंजलेली पारडी असे सगळे तिथे येई. वाऱ्याने पारडी हलतात म्हणून भर उन्हाळ्यातही त्या दुकानात पंखा नसे. गिऱ्हाईक घाम पुसत उभे राही आणि काटेवाले मान वर न करता म्हणत, “वारा खायचा असेल तर बाहेर उभे राहा. इथं वाऱ्यालाही वजन आहे.”

त्यांना एकच मुलगी. आई लवकर गेल्यामुळे ती त्या बिनपंख्याच्या दुकानातच वाढली. आत्या, म्हणजे काटेवाल्यांची विधवा बहीण, घर सांभाळी आणि दिवसातून दोनदा तरी म्हणे की या पोरीला बाहुलीऐवजी वजनं खेळायला देणाऱ्या बापाला काय म्हणावं. पोर मोठी झाली, नकाशे काढणाऱ्या कचेरीत लागली, आणि एके दिवशी हातात रिमोटची एक गाडी घेऊन घरी आली. खेळण्यातली नव्हे, शर्यतीची. खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी, बारीकसारीक प्रत्येक भाग सुटा करता येणारी. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात काही हौशी मंडळींनी मातीचा नागमोडी मार्ग बांधला होता. तिथे रविवारी सकाळी अशा गाड्या धावत, आणि त्या चालवणारी शहाणीसुरती माणसे लाकडी मचाणावर ओळीने उभी राहून लहान मुलांसारखी भांडत.

मुलीने गाडीचे मागचे यंत्र काढून बापाच्या हातावर ठेवले. “बाबा, हे एवढं लावून द्या. मला जमत नाही.”

ते डिफरन्शियल होते. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला पडतो आणि आतल्याला जवळचा. दोन्ही चाके एकमेकांशी घट्ट जखडली तर एकाला फरफटावे लागते. म्हणून दोहोंच्या मधे हे यंत्र, प्रत्येकाला आपापल्या गतीने फिरू देणारे. शर्यतीच्या गाड्यांत ते दोन जातींचे असते. एका जातीत गुळगुळीत चकत्यांमधे बारीक पोलादी छर्रे असतात आणि मधला स्क्रू आवळावा तसे ते घट्ट होते, सोडावे तसे सैल. ते बॉल डिफ. दुसऱ्या जातीत बंद डबीमधे दाते असलेली लहान चाके दाट तेलात फिरतात. ते गियर डिफ. पहिले हलके, मृदू आणि मानी. धूळ गेली की रुसते, आठवड्यातून एकदा उघडून पुसावे लागते. दुसरे दणकट, तेल भरून झाकण लावले की महिनोन् महिने त्याचे नाव काढावे लागत नाही.

मुलीच्या गाडीत बॉल डिफ होते. काटेवाल्यांनी दोन बोटांत धरून ते कानाशी नेले, हलकेच फिरवले आणि म्हणाले, “अगं, हा तर तराजूच आहे. फक्त गोल फिरतो.”

त्या दिवसापासून शनिवारची दुपार ठरून गेली. मुलगी यंत्र काढी, बाप उघडी. छर्रे एका उथळ बशीत पडत, चकत्या बारीक पॉलिश कागदावर घासल्या जात, नखाच्या टोकाएवढे वंगण लागे. मग स्क्रू. तो किती आवळायचा याचे माप कुठल्याही कोष्टकात नव्हते. फार आवळला तर गाडी वळणावर अडते, फार सोडला तर छर्रे घसरून चकत्यांना चरे पडतात. या दोन चुकांच्या मधे जी केसाएवढी जागा होती तीतही मुलीची आवड निराळी. तिला यंत्र किंचित सैल लागे, म्हणजे गाडी वळणात स्वतःहून शिरते असे ती म्हणे. काटेवाले स्क्रू बसवत, अंगठ्याने चक्र दाबून पाहत आणि शेवटी पाव फेऱ्याहूनही कमी असा तो मागे घेत. आत्या त्या दोघांकडे पाहून म्हणे, “यंत्राचं राहू दे, बापलेकीचेच स्क्रू ढिले आहेत.”

मुलीचे लग्न झाले ते सार्वजनिक वाचनालयात पुस्तके बांधणाऱ्या एका शांत माणसाशी. तो सासऱ्यांना मामा म्हणे आणि ते त्याला जावईबापू. शर्यतीत त्याचे काम पेटी उचलण्याचे. शनिवारची दुपार आता मुलीच्या नव्या घरी भरू लागली. काटेवाले दोन बस बदलून येत, हाती चामड्याची छोटी हत्यारांची पिशवी. बापलेक यंत्रावर वाकलेले असत आणि जावई पलीकडे बसून कुणाच्या फाटक्या शब्दकोशाला पाठ बसवत असे. त्या खोलीत वंगणाचा आणि खळीचा वास एकमेकांत मिसळून गेला होता.

मग ती आजारी पडली. आजार लांबला नाही, म्हणजे आशा धरण्याइतकाही लांबला नाही. ती गेली.

त्यानंतरच्या पहिल्या काही शनिवारी कुणी आले-गेले नाही. मग एका दुपारी जिन्यावर ओळखीची पावले वाजली. काटेवाले दारात उभे राहिले, पिशवी पुढे करून म्हणाले की यंत्र बरेच दिवस उघडलेले नाही, आतले वंगण धरून बसेल. एवढेच. जावयाने गाडी काढून टेबलावर ठेवली. आणि यंत्र उघडले म्हणजे ते वापरले पाहिजे, नाहीतर पुढच्या शनिवारी उघडायचे कशाला, असा काहीतरी विचार मनात येऊन तो रविवारी गिरणीच्या आवारात गेला आणि बायकोचा रिमोट हातात घेऊन मचाणावर चढला.

त्याला गाडी चालवता येत नव्हती. पुढेही फारशी आली नाही. पुकारा करणारा गृहस्थ एरवी चष्म्याच्या दुकानात बसत असे, त्याने कर्ण्यातून साऱ्यांसमोर विचारले, “बांधणीवाले, गाडी शर्यतीला आणलीय की पाय मोकळे करायला?” लोक हसले, तोही हसला. शेवटून पहिला येण्याचा मान त्याने असा काही जपला की नवखी मंडळी त्याला पाहूनच धीर धरीत.

शनिवार मात्र चुकले नाहीत. दोन पुरुष एका टेबलाशी बसत. बोलणे सगळे यंत्राचे: चकतीला डाग पडलाय का, स्प्रिंग नरम झालीय का, माती या खेपेला कोरडी असेल का. काटेवाल्यांनी जावयाच्या जेवणाखाण्याची चौकशी कधी केली नाही; जावयाने त्यांच्या झोपेची केली नाही. पण अगदी शेवटी, स्क्रू बसल्यावर, काटेवाले क्षणभर थांबत आणि म्हणत, “तिला जरा सैल आवडायचं.” मग तो केसभर मागे घेत. आठवड्याभरात त्या मुलीचा उच्चार या एका वाक्यात होई. जावई ते वाक्य ऐकण्यासाठी आठवडाभर थांबतो आहे हे त्याचे त्यालाही तेव्हा ठाऊक नव्हते.

पुढे दोन गोष्टी घडल्या. गिरणीच्या आवारातला मातीचा मार्ग मंडळींनी काढून टाकला आणि पत्र्याच्या शेडखाली जाडजूड गालिचा अंथरला. गालिच्यावर चाके घट्ट धरतात, झटके जबर बसतात. आठवड्याभरात छर्रेवाल्या यंत्रांच्या चकत्यांना चरे पडू लागले. मचाणाखाली नुसता वाद. जुने खेळाडू म्हणत, बॉल डिफचा मऊपणा त्या तेलाच्या डबीला सात जन्मांत येणार नाही. नवे म्हणत, मऊपणा घेऊन काय चाटायचाय, गाडी शेवटपर्यंत पोहोचली पाहिजे ना? होता होता जुनेही एकेक करून पलीकडे गेले.

दुसरी गोष्ट टेबलावर घडली. काटेवाल्यांची बोटे थरथरू लागली होती. स्क्रूच्या बुडाशी मोहरीहून बारीक छऱ्यांचे एक कडे असते. एका शनिवारी त्यातला एक छर्रा त्यांच्या चिमट्यातून निसटला. दोघे गुडघ्यांवर बसून, जमिनीवरून लोहचुंबक फिरवत, टेबलाखाली शोधत राहिले. छर्रा सापडला, पण उठताना काटेवाल्यांनी टेबलाची कड धरली ती बराच वेळ सोडली नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि त्या खोलीत तर पंखा होता.

ते घरी परत गेल्यावर जावयाने मनाशी विचार केला. म्हाताऱ्या माणसाने दोन बस बदलून यायचे, जिने चढायचे, आणि जे बोटांना जमेनासे झाले त्यातच बोटे घालायची, हे कुणासाठी? आपल्यासाठीच. आपण शेवटच्या क्रमांकाचे खेळाडू. त्यांच्यावरचा हा भार उतरवला पाहिजे. गालिच्याचे निमित्त तर आयतेच होते, शिवाय खरेही होते. त्याने गियर डिफ आणले, स्वतःच बसवले, आणि पुढच्या शनिवारी मामा येताच समोर धरले.

काटेवाल्यांनी ते हातात घेतले, फिरवले, कानाशी नेले. दाट तेलाला आवाज नसतो.

“उघडायचं कधी?” त्यांनी विचारले.

“सध्या नाहीच, मामा. हंगाम संपला की तेल बदलायचं. तेवढं मलाही जमेल. तुमची यातायात वाचेल.”

“शहाणी वस्तू आहे,” काटेवाले म्हणाले. “गालिच्यावर हीच बरोबर. योग्य केलंत.” त्यांनी चहा घेतला. हत्यारांची पिशवी उघडलीच नव्हती, तरी तिचे बंद एकदा सोडून पुन्हा बांधले. निघताना विचारले, “हा जुना तराजू मी नेऊ का?” जावई म्हणाला, न्या की, त्यात विचारायचं काय.

त्या रविवारी त्याची गाडी शेवटून तिसरी आली. पुकारा करणाऱ्याने कर्ण्यातून अभिनंदन केले. जावयाला वाटले, येत्या शनिवारी मामांना ही गंमत सांगावी. शनिवारी त्याने चहाचे आधण दोघांचे ठेवले. जिन्यावर पावले वाजली नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाहीत. बरे नसेल, पाहुणे असतील, उन्हाचा त्रास होत असेल; मन समजूत घालण्यात पटाईत असते. आपण ज्याला भार समजून उतरवला तो त्या माणसाचा आधार होता, हे कळायला त्याला आत्या भेटावी लागली.

आत्या वाचनालयात पोथीची शिवण उसवली म्हणून आल्या होत्या. पोथी बाजूला ठेवून त्यांनी सरळ तोंडाचा पट्टा सोडला. “बरं जमलंय तुमचं सासऱ्या-जावयाचं. दादा शनिवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसतो. कुठं निघालास विचारलं की म्हणतो, कुठं नाही. चहा झाला की शर्ट काढून खुंटीला लावतो. आता मी काय समजायचं?”

जावयाने पोथी उचलून तिची शिवण तपासायला घेतली. संध्याकाळी घरी आल्यावर तो गाडीसमोर बसून राहिला. जाऊन ‘मामा, येत जा’ म्हणणे अगदी सोपे होते. पण निमित्तावाचून त्या दोघांनी एकमेकांना आजवर कधी बोलावले नव्हते; आणि निमित्त तर त्याने स्वतःच्या हाताने झाकण लावून बंद केले होते. तेव्हा त्याच्या सालस डोक्यात एक कुटिल युक्ती आली, आणि सालस माणसाची कुटिलता नेहमी कच्ची असते. त्याने गियर डिफ उघडले. झाकणाखाली तेल अडवणारा कागदासारखा पातळ गॅस्केट असतो. त्याला त्याने बांधणीच्या पात्याने एक बारीक काप दिला, झाकण पुन्हा लावले आणि यंत्र फडक्यात गुंडाळून सासऱ्यांच्या घरी गेला.

“मामा, शहाणी वस्तू गळायला लागली.”

काटेवाल्यांचा चेहरा असा उजळला की जावयाला आपल्या युक्तीचा अभिमान वाटला. आत्यांनी टेबलावरचे धान्य निवडायचे ताट उचलले. चष्मा आला, भिंग आले, पिशवीचे बंद सुटले. फडके तेलाने माखले होते. “बघा, मी म्हणत नव्हतो?” असे काटेवाले म्हणाले, वास्तविक ते तसे काहीच म्हणाले नव्हते. त्यांनी झाकण काढले, गॅस्केट चिमट्याने उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

मग ते बराच वेळ पाहत राहिले.

झिजून फाटलेल्या कागदाला कडेशी लव सुटते. दाबाने फाटला तर तोंड वाकडे होते. हा काप सरळ होता. आरंभाशी खोल, शेवटी उथळ, जसा रोज पुठ्ठा कापणाऱ्या हाताचा असतो. ज्या माणसाने हयातभर बनावट वजने नुसत्या नजरेने ओळखली, त्याला हे कळायला भिंगाची गरज नव्हती. भिंग त्यांनी बाजूला ठेवले. चोराच्या मनात चांदणे म्हणतात तसे ते जावयाच्या मनात लख्ख पडले, आणि तो पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागला.

काटेवाल्यांनी फाटका गॅस्केट बाजूला ठेवला. आपल्या डबीतला जुना चिवट कागद घेतला, झाकणाची आकृती त्यावर आखली आणि नवा गॅस्केट कापला. बोटे थरथरत होती. प्रत्येक कापाआधी ते कंप ओसरण्याची वाट पाहत. तेल भरले, त्यातले बुडबुडे वर येईपर्यंत थांबले, स्क्रू समोरासमोरचे असे जोडीजोडीने आवळले. सगळे फडक्याने पुसून यंत्र जावयाच्या हातात दिले.

“आता गळायचं नाही,” ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “पात्याला धार चांगली ठेवता तुम्ही.”

जावयाला वर पाहवेना.

“जावईबापू, नुसतं या म्हणाला असतात, तरी आलो असतो मी.”

“मग याल?”

“येईन की.” काटेवाले हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेले नाही. “पण हातात काय घेऊन बसू?”

जावई म्हणाला की आपण जुने बॉल डिफ पुन्हा गाडीत बसवू. काटेवाल्यांनी मान हलवली. गालिच्यावर त्याच्या चकत्या महिनाभरही टिकायच्या नाहीत. माणसाच्या समाधानासाठी यंत्राला इजा करायची नसते, असे ते म्हणाले, आणि या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

ते आले. शब्दाचे पक्के होते. पुढच्या शनिवारी आले, त्यानंतरही काही शनिवार आले. दोघे टेबलाशी समोरासमोर बसत. टेबल मोकळे असे. हवेचा विषय निघे, बसच्या गर्दीचा निघे, आत्यांच्या गुडघ्यांचा निघे. चहा दोनदा होई. काटेवाल्यांचे हात टेबलावर ठेवलेले असत आणि त्यांचे काय करावे ते त्यांना समजत नसे. एकदा जावयाने धीर करून बायकोचा विषय काढायचा ठरवले. सकाळपासून वाक्य जुळवले. पण तिचे नाव घ्यायला त्या घरात एकच जागा होती, स्क्रू बसल्यानंतरची, आणि ती जागा त्याने काढून टाकली होती. वाक्य ओठांशी येऊन परत गेले. काटेवाल्यांच्या ओठांशीही काही आले असावे. त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि शेवटची बस चुकेल असे म्हणाले. बाहेर अजून ऊन होते.

मग शनिवार विरळ झाले. जिना चढवेना, हे कारण खरेच होते. हिवाळ्याच्या अखेरीस एका पहाटे ते झोपेतच गेले.

सारे आटोपल्यावर आत्यांनी जावयाच्या हातात एक पत्र्याची डबी ठेवली. आत कापसावर ते जुने बॉल डिफ होते. “तुमच्याकडं यायचा थांबला ना, त्यानंतर दर शनिवारी हे घेऊन बसायचा. सगळं उघडायचं, पुसायचं, पुन्हा बांधायचं. कुठल्या गाडीत घालायचंय म्हटलं, तर गप्प. एकदा एक छर्रा हरवला तर मला गुडघ्यांवर बसवून शोधायला लावलं म्हाताऱ्यानं.” आत्यांनी पदराने डोळे पुसले. “मी म्हटलं, जावयाला बोलाव की. तर म्हणाला, त्यांना उगाच यातायात.”

जावयाने यंत्र दोन बोटांत धरून कानाशी नेले आणि फिरवले. कुठे खरखर नव्हती. अंगठ्याने चक्र दाबून पाहिले. किंचित सैल होते.

तो अजून रविवारी गिरणीच्या आवारात जातो. हंगाम संपला की गियर डिफचे तेल स्वतः बदलतो, आणि ते मुळीच गळत नाही. निवड बरोबर होती. आज विचारले तर मचाणावरचा कुणीही हेच सांगेल. ती चुकीची असती तर मामांची क्षमा मागून ती मागे घेता आली असती, असे त्याला वाटते.

पत्र्याची डबी वाचनालयात त्याच्या बांधणीच्या टेबलावर असते. आतले वंगण आता वाळत चालले आहे. यंत्र उघडून पुसायला हवे हे त्याला कळते. पण उघडायचे तर आधी स्क्रू सोडावा लागतो, आणि तो पुन्हा किती आवळायचा हे सांगणारे आता कुणी नाही. म्हणून ते तसेच आहे.